माळढोकाचा सातबारा

सातबाऱ्यावर पोटखराबा नावाचा रकाना असतो. नांगर चालत नाही ती जमीन त्यात ढकलायची. माळढोक नेमका त्याच रकान्यात राहायला आला, ही त्याची पहिली चूक. वडापिंपळावर घर केलं असतं तर 'झाडे वाचवा'मध्ये आपसूक वाचला असता. पण पायाला मागचं बोटच नाही, फांदी धरणार कशानं? मादी अंडं घालते ते उघड्या माळावर, तेही बहुधा एकच. कुटुंबनियोजनाचा पुरस्कार मिळायला हरकत नव्हती.

सरकार मात्र दिलदार. 1979 साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, ते तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. अख्खा गोवा दोनदा बसवा, वर जागा उरेल. गावं, शेतं, रस्ते, बाजार सगळं अभयारण्यात. पक्ष्याला घर द्यावं तर असं, की पक्षी सोडून सगळ्यांची सोय व्हावी! मग जमिनीचा व्यवहार अडला, द्या माळढोकाला शिव्या. ज्यांनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं तेही त्याला नावानिशी ओळखू लागले. पुढे हद्द आक्रसून 1,222 चौरस किलोमीटरवर आली. पक्षी त्याहून घाईत होते.

मोकळा माळ दिसला की आपले हात शिवशिवतात. पावसाळा आला की खड्डे, रोपं, हार, फोटो. पाहुण्याचा पाट रिकामा दिसला म्हणून त्यावर ज्वारीची पोती रचावीत, तसं हे गवतावरचं वृक्षारोपण. उरल्या जागेत ऊस. आणि वरून विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं धड दिसत नाही. दिसलं तरी पंधरा किलोपर्यंतचा देह ऐनवेळी वळत नाही. राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली घाला, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये सांगितलं. 2024 मध्ये तो आदेश सैल झाला, कारण देशाला सौरऊर्जाही हवी आणि ती पर्यावरणासाठीच हवी. आता पर्यावरणाच्या आड पर्यावरणच आलं, तर दाद कोणाकडे मागायची?

तसा हा राष्ट्रीय पक्षीच व्हायचा. सलीम अलींनी शिफारस केली होती. पण म्हणतात, 'बस्टर्ड' या इंग्रजी नावातलं एक अक्षर चुकलं तर शिवी होईल, या धास्तीनं मंडळी बिचकली आणि 1963 मध्ये मान मोराला गेला. मराठी नाव पुढे केलं असतं तर? असो, दिल्लीत मराठीचं कोण ऐकतं!

परवा त्याच अभयारण्यातल्या नान्नजला गेलो. काळवीट पोटभर दिसले. माळढोक कुठं म्हणून विचारलं, तर सोबतच्या वाटाड्यानं शांतपणे मागं बोट दाखवलं.

"ते काय साहेब, पाटीवर."