साडूभाऊंचा जोर

साडूभाऊ पॅडल खेळू लागले तेव्हा आम्हा सर्वांना बरंच वाटलं होतं. 20 बाय 10 मीटरचं कोर्ट, सभोवती काच आणि जाळी. आतला माणूस बाहेरच्यांना सहसा त्रास देत नाही. पुढे त्यांनी स्वतःची रॅकेट घ्यायचं मनावर घेतलं आणि दुकानातल्या पोराने विचारलं, "काका, लेव्हल कुठली तुमची?"

पुण्यात हा प्रश्न कुणाला विचारू नये.

"अ‍ॅडव्हान्स्ड," साडूभाऊ म्हणाले.

पोराने लगेच डायमंड आकाराची रॅकेट काढली. ही वरच्या अंगाला रुंद असते, तोल डोक्याकडे. वजन 370 ग्रॅम. आत कडक ईव्हीए फोम, वर 12के कार्बन, म्हणजे कापडाच्या एकेका पेडात बारा हजार तंतू. ते मोजायला कोण बसलं होतं, हे मी विचारलं नाही. चेंडू नेमका लागला तर सुटतो मात्र झकास. पण नेमका म्हणजे कुठे? मध्यावर नव्हे, त्याच्याही वर, लाडवाएवढ्या जागेत. गोल रॅकेटमध्ये ही जागा मधोमध आणि ऐसपैस असते, थोडं इकडेतिकडे झालं तरी ती सांभाळून घेते. डायमंड कुणाचं काही सांभाळत नाही.

शिवाय या खेळात नुसत्या जोराला किंमत नाही. टेनिसमध्ये जोरात मारलेला चेंडू निघून जातो, विषय संपला. इथे तो टप्पा घेऊन मागच्या काचेवर आदळतो आणि समोरच्याच्या पुढ्यात हजर होतो. साडूभाऊ दात-ओठ खाऊन स्मॅश मारतात आणि पलीकडचे गृहस्थ कपाळ पुसून, सावकाश, सोयीच्या उंचीवर तो घेतात. जोर लावायचाच तर पुरता लावावा लागतो. टप्प्यानंतर चेंडूने तीन मीटर उंचीची बाजू ओलांडून कोर्टाबाहेर तरी जावं, नाहीतर मागच्या काचेवरून उसळून नेटवरून आपल्याकडे तरी परत यावं. स्पेनचा आर्तुरो कोएयो हे करतो. तो डावखुरा आहे, 1.90 मीटर उंच आहे आणि त्याचा जन्म 2002 सालचा आहे. साडूभाऊ यांपैकी काहीच नाहीत.

पोराचा एक मुद्दा मात्र मला पटला. उन्हात फोम मऊ पडतो, म्हणून आपल्या एप्रिल-मेला कडक रॅकेट बरी. पण साडूभाऊ खेळतात डिसेंबरात, सकाळी सहाला. त्या गारठ्यात फोमचा दगड होतो आणि प्रत्येक फटक्याचा हिशेब कोपर चुकता करतं. आता चहाचा कपसुद्धा ते डाव्या हाताने उचलतात. तेवढ्यापुरते कोएयो.

ताई, म्हणजे साडूभाऊंच्या सौ., त्याच कोर्टावर गोल, मऊ, दुकानातल्या सर्वांत स्वस्त रॅकेटने खेळतात. उंच लॉब टाकतात, समोरच्यांना काचेपर्यंत पळवतात आणि मधल्या वेळात पदार्थांच्या कृती सांगतात. जिंकतातही.

परवा साडूभाऊंनी निष्कर्ष जाहीर केला. "आपला जोर थोडक्यात कमी पडतोय. 18के घ्यायला हवी."

"अठराचंच घ्यायचं तर माझ्या बांगड्या करा," ताई आतून म्हणाल्या, "निदान अडीनडीला मोडता तरी येतील."