शहाऐंशीचे मूळ सातारकर

अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला गेलात की हे काका हटकून भेटतात. माकडटोपी, पांढरे बूट, हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी आहे, गुडघ्यांसाठी नाही, हे ते न विचारता सांगतात. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात आणि तो लौकिक आपण एकट्याने सांभाळतोय असा त्यांचा चेहरा असतो.

चढावर नवखा माणूस दिसला की काका थांबतात. "पुण्याचे का?" समोरचा होय म्हणतो. इथे फ्लॅट बघतोय, हवा छान आहे, असंही भाबडेपणाने सांगून टाकतो.

"हवा होती हो. १९८६ पर्यंत!"

त्या साली साताऱ्याच्या हवेला काहीही झालं नव्हतं. काका बदली होऊन कोरेगावहून आले, एवढंच. त्यानंतर जो आला तो बाहेरचा आणि गर्दी सगळी त्याने केलेली. शाहूपुरीत तेव्हा माळ होता म्हणे. मग त्या माळावर बंगले झाले. पहिल्यांपैकी एक काकांचा, पण तो गर्दीत धरायचा नाही. हद्दवाढ रखडली होती तोवर काका पालिकेच्या नावाने बोटं मोडत. २०२० मध्ये ती झाल्यावर घरपट्टीच्या नावाने मोडू लागले. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, ही बातमीसुद्धा ते दुखवट्यासारखी सांगतात. फुलं राहिली बाजूला, शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात नुसत्या गाड्या! खंबाटकीबद्दल तर त्यांचा सिद्धांतच आहे. "पुण्याला जाताना बोगदा, येताना घाट. इतकी वर्षं सरकार सुचवतंय, जा म्हणून. तरी लोक येतातच."

एवढं ऐकल्यावर पाहुण्याने मान डोलवू नये. एकाने डोलवली. "खरंय, इथे तसं काहीच नाही," म्हणाला. काकांनी काठी जमिनीवर आपटली. "काही नाही म्हणजे? देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली कुठे निघाली? 'रयत शिक्षण संस्थे'चं मुख्यालय कुठे आहे? कंदी पेढा पुण्यात करून दाखवा!" नोकऱ्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी घाईने समोरचा यवतेश्वर दाखवला. चिरंजीव हिंजवडीत आहेत. त्यांच्याकडे काका महिनाभरासाठी जातात आणि चौथ्या दिवशी पाणी बाधलं म्हणून परततात.

साताऱ्याला नावं ठेवायची तर निदान वीस वर्षं राहून ठेवावीत, असा अलिखित नियम आहे. माझ्या मते तो बहुतेक गावांत असतो. आमच्याकडे तो चढावरच कळतो, एवढाच फरक.

त्या पाहुण्याने तरीही फ्लॅट घेतलाच. सामान उतरतंय तोवर काका दारात हजर. दूधवाला कोण, प्लंबर कोणता टाळायचा, नळाला पाणी किती वाजता येतं, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि पिशवीतून एक कागद काढला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजली इमारत येणार होती. तिच्याविरुद्धचं निवेदन. "सही करा."

नव्या सातारकराने कागद दोनदा वाचला, सही केली आणि पेन परत देता देता विचारलं, "काका, यात पुणेकरांना फ्लॅट विकू नयेत, असं एक कलम घालता येईल का?"