टेकलेल्या पायाचे शास्त्र

वाहनचाचणीत वारंवार अनुत्तीर्ण होऊनही पुन्हा रांगेत उभा राहणारा नागरिक हा वसई-विरार परिसरातील एक उपेक्षित अभ्यासविषय असून, दुचाकीच्या बाबतीत त्याच्या अपयशाचे कारण बहुधा जमिनीला टेकलेला पाय हेच असते. परीक्षार्थीला आठचा आकडा, म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळे, पाय न टेकता पूर्ण करावा लागतो. वसईचे परिवहन कार्यालय विरार पूर्वेला असल्यामुळे वसईकराची निम्मी चिकाटी तेथे पोहोचण्यातच सिद्ध होते, हा भाग वेगळा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि त्याखालील नियमांनी या चिकाटीचे वेळापत्रकही आखून दिले आहे. शिकाऊ अनुज्ञप्ती, जिला लोक ‘लर्निंग’ म्हणतात, सहा महिने टिकते. ती मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, अनुत्तीर्णाला सात दिवसांनी पुन्हा येता येते, आणि तीनदा अनुत्तीर्ण झालेल्याला साठ दिवस थांबावे लागते, ज्याला २०१९ च्या दुरुस्तीने सुधारक प्रशिक्षणाची अटही जोडली. म्हणजे एका लर्निंगमध्ये सहा प्रयत्न बसतात व सातवा मुदतीच्या काठावर लोंबकळतो. दक्षिण कोरियातील चा सा-सून या भाजी विकणाऱ्या आजींनी लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा मिळून ९६० प्रयत्नांनंतर २०१० मध्ये परवाना मिळवला. तितकेच प्रयत्न आपल्या कायद्यानुसार करायचे तर चौसष्ट वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या उमेदवाराला ब्याऐंशी उलटल्यावर, त्या वयाच्या नियमाप्रमाणे, पाच वर्षांचे लायसन्स मिळेल.

परंतु पाय टेकणे हा दोष आहे, हे गृहीतकच तपासण्याजोगे आहे. पावसाळ्यात नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडवर पाणी साचले की खड्डा कुठे आणि रस्ता कुठे हे डोळ्यांना कळत नाही. तेव्हा लायसन्सधारक चालक दोन्ही पाय खाली सोडून, तळ चाचपत पुढे सरकतो, आणि त्या क्षणी चाचणीत बाद ठरलेले कौशल्यच त्याला तारते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ हाताने किंवा दिव्याने स्पष्ट इशारा देण्याची अपेक्षा ठेवतो, तर येथील अनुभवी रिक्षाचालक वळण्याचा इशारा डावा किंवा उजवा पाय बाहेर काढून देतो, आणि तो इशारा नियमाला अभिप्रेत असलेल्या स्पष्टतेत कुठेही कमी पडत नाही. याच नियमात चढणीवर थांबून गाडी मागे न घसरू देता पुन्हा चालू करण्याची कसोटी आहे; सपाट वसईत चढण आणायची कुठून, हा प्रश्न रेल्वेने सोडवला आहे, कारण रुळांनी शहराची पूर्व व पश्चिम अशी फाळणी केल्यामुळे मोजक्या उड्डाणपुलांवर रोज संध्याकाळी शेकडो चालक ही परीक्षा एकमेकांच्या बंपरला साक्षी ठेवून देतात, आणि तेथे नापास झाल्यास निकाल तत्काळ, मोठ्या आवाजात व सविस्तर कळवला जातो.

या पार्श्वभूमीवर वारंवार अनुत्तीर्ण होणाऱ्याची निष्ठा विलक्षण म्हणावी लागते. लायसन्सशिवाय गाडी चालवता येत नाही, यावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्या अल्पसंख्याकांपैकी तो एक असतो. मोटार ट्रेनिंग स्कूलचा मालक त्याला धीर देतो, घरचे त्याच्यासमोर तो विषय टाळतात, आणि आठचा आकडा तो झोपेतही बिनचूक काढतो. साठ दिवसांच्या सक्तीच्या विश्रांतीत त्याला कामावर जाण्यासाठी शेअर रिक्षाच धरावी लागते, जिच्या मागच्या बाकावर तिघे बसल्यावर चालकाच्या शेजारी अर्ध्या मांडीवर जी चौथी सीट उरते, तीच बहुधा त्याच्या वाट्याला येते. अधिनियमाला अपेक्षित असलेले सुधारक प्रशिक्षण यापेक्षा जवळून कोणत्याही संस्थेत मिळणार नाही: आरसा न जुळवणे, इशारा न देता मार्गिका बदलणे आणि एकदिशा मार्गातून उलटे येणे यांची प्रात्यक्षिके येथे दररोज होतात, आणि प्रशिक्षणार्थी असूनही त्याला भाड्यात कसलीच सवलत मिळत नाही.