हो भाऊ, पाहतो ना

माझी तक्रार पुढाऱ्यांबद्दल नाही. त्यांच्यावर लिहिणारे अमरावती-अकोल्यात पुष्कळ आहेत. माझी तक्रार त्यांच्या मागे बसणाऱ्या सभासदांबद्दल, कार्यकर्त्यांबद्दल, शिक्षक-कारकुनांबद्दल आहे.

संस्थेच्या बैठकीत अध्यक्ष विचारतात, "कोणाची काही हरकत?" सगळे गप्प. ठराव मंजूर होतो, चहा होतो, आणि बाहेर पानठेल्यावर पोचल्याबरोबर तीच मंडळी म्हणू लागतात, "म्या तं आधीच म्हटलं होतं, हे जमत नाही." आधी कोणीच म्हटलेलं नसतं. ज्याला चूक दिसली होती, त्याने ती अध्यक्षांना सोडून सगळ्यांना सांगितलेली असते.

दुसरा त्रास "हो भाऊ, पाहतो ना" या उत्तराचा. एका कार्यक्रमासाठी मंडपवाल्याशी बोलायचं काम एकाने घेतलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याने सांगितलं, "त्याचा फोनच लागत नव्हता." काम झालं नाही याचा मला राग नाही. आदल्या दिवशी कळवलं असतं, तर दुसरा मंडपवाला पाहता आला असता. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही तेच. जेवायला कोण कोण येणार असं विचारलं, की नुसते अंगठे येतात. त्यातून 'वाचलं' समजायचं की 'येतो', हे स्वयंपाक्याला कसं सांगावं?

वऱ्हाडी माणसाला शिस्त जमत नाही, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 रोजी गेले. मोझरीच्या गुरुकुंजात त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. खेड्यापाड्यांतून आलेली हजारो माणसं त्या मिनिटाला स्तब्ध होतात. हीच माणसं गावी परतल्यावर पाचच्या बैठकीला सहाला येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्या पथकातल्या प्रत्येकाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, पण एकाचं पाऊल चुकलं असतं तर सगळ्या जगाला दिसलं असतं.

आणि गाडगेबाबा तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांनी कोणाला शिष्य केलं नाही, पायाला हात लावू दिला नाही. गावात आले की खराटा हाती घ्यायचे. त्यांच्या मागे जायचं म्हणजे आपणही झाडायचं. आज मात्र मागे जाणं म्हणजे हार घालणं आणि फोटोत येणं, अशी समजूत आहे. सत्काराच्या फोटोत व्यासपीठ भरून जातं. फोटो झाला की सतरंज्या गोळा करायला दोघं उरतात. वर त्यांनाच सतरंज्या उचलणारे म्हणून हिणवतात. हे मला अजिबात खपत नाही.

रॉबर्ट केली या अमेरिकी अभ्यासकाने 1988 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये अनुयायांवरच लेख लिहिला. चांगला अनुयायी स्वतःच्या डोक्याने विचार करतो आणि कामात स्वतःहून उतरतो, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे विचार करणारे पानठेल्यावर असतात आणि काम करणारे सतरंजीपाशी. दोन्ही गुण एका माणसात आले, तर आपल्या कितीतरी संस्था सावरतील.

बोलायची भीती खोटी नाही. कोणाची नोकरी त्या संस्थेत असते, कोणाचा पोरगा तिच्या शाळेत. म्हणून अध्यक्षांनाही माझं सांगणं आहे: हरकत घेणाऱ्याला विरोधी गटाचा समजू नका. तो पानठेल्यावर न जाता तुमच्यापाशी आला, यातच त्याची निष्ठा दिसते.

तेव्हा पुढच्या बैठकीत ठराव पटला नाही तर तिथेच, सर्वांसमोर, नीट शब्दांत सांगा. मंजूर झाला की मग तो आपला म्हणून राबवा. आणि जमत नसेल तर 'पाहतो' म्हणू नका राजेहो, 'जमत नाही' म्हणा, अन् ते आदल्या दिवशी फोन करून सांगा.