पांढऱ्या कपड्यांतला निंजा

चांगल्या सिनेमाचा एक मोठा तोटा असतो. तो बघताना आपल्याला कामच नसतं. कुठे रडायचं, कुठे श्वास रोखायचा, कुठे गाणं संपायच्या आत बाथरूमला जाऊन यायचं, सगळं दिग्दर्शकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. आपण लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखं खुर्चीवर बसायचं आणि वेळ झाली की अक्षता टाकायच्या.

आता 'एंटर द निंजा' घ्या. १९८१ सालचा. निंजा म्हणजे अंधारात अंधार होऊन वावरणारा जपानी मारेकरी, एवढं आपण ऐकून असतो. या सिनेमाचा नायक निंजा आहे आणि नखशिखांत पांढऱ्याशुभ्र कपड्यांत फिरतो. लपणार कुठे? पिठाच्या गिरणीत? हे काम करतोय फ्रँको नेरो; माणूस इटलीचा, 'जँगो' नावाच्या काउबॉयपटामुळे गाजलेला, चांगला मिशाळ. त्याच्या तोंडचं इंग्रजी भलत्याच माणसाच्या आवाजात. मारामारी सुरू झाली की तोंडावर बुरखा चढतो आणि बुरख्याच्या आत माइक स्टोन नावाचा खराखुरा कराटेपटू येतो. ही गोष्ट मुळात याच माइक स्टोनच्या डोक्यातली. नायकही आधी तोच व्हायचा होता. म्हणजे एका निंजाच्या आत माणसं तीन. त्या तिघांना शिवून एक करायचं कुणी? आपण. दिग्दर्शक तोवर जेवायला गेलेला असतो.

ही नोकरी मी पोरवयापासून बिनपगारी करतोय आणि सोडायचा विचार नाही. आमच्या घरात या प्रकाराला 'तुमचं ते' असं म्हणतात. "लागलं का तुमचं ते?" असं म्हणून बायको दार लावून घेते. आवाज बाहेर येतो म्हणून नव्हे; मी बाहेर येऊन गोष्ट सांगू नये म्हणून.

लागण झाली ती व्हिडिओ कॅसेटच्या काळात. रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि सोबत तीन कॅसेटी. एक घरातल्यांसाठी हिंदी, एक आजीसाठी देवाधर्माची आणि तिसरी दुकानदाराच्या भाषेत 'इंग्लिश फायटिंग'. फायटिंगचा नंबर मध्यरात्रीनंतर लागायचा. तोवर सगळे आडवे झालेले असत. जागी फक्त मी आणि आजी. देवांचा सिनेमा बघताना हमखास डुलक्या काढणारी आजी फायटिंगला टक्क जागी असायची. इंग्रजीचा तिला गंध नव्हता आणि त्या सिनेमात इंग्रजीची गरजही नव्हती. तिचा प्रश्न एकच: "यातला आपला कोण रे?" मी म्हणायचो, "तो पांढऱ्या कपड्यांतला." "मग मरत नाही तो," असं म्हणून ती सुपारी कातरायला घ्यायची. पुढे मी सिनेमावर बरीच जाडजूड समीक्षा वाचली. एवढा नेमका अंदाज कुणाचा दिसला नाही.

त्या पांढऱ्या निंजाला जन्म देणारी कंपनी म्हणजे कॅनन. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या इस्रायली चुलतभावांनी ती १९७९ मध्ये ताब्यात घेतली. 'एंटर द निंजा' स्वतः गोलानसाहेबांनीच दिग्दर्शित केला. धंद्याची रीत सरळ: आधी पोस्टर छापायचं, ते कान महोत्सवाच्या बाजारात देशोदेशीच्या वितरकांना दाखवून उचल घ्यायची, मग त्या पैशांत सिनेमा काढायचा. वितरकाला विकलं तेवढं, म्हणजे पोस्टरवरचा माणूस आणि त्याच्या हातातली तलवार, सिनेमात नक्की असायचं. बाकीचं पुरेल तसं.

या रीतीचं सोन्यासारखं फळ म्हणजे १९८५ चा 'अमेरिकन निंजा'. दिग्दर्शक सॅम फर्स्टनबर्ग, चित्रीकरण फिलिपीन्समध्ये, कारण तिथे सगळंच स्वस्त. नायक मायकल डुडिकॉफ. देखणा, शांत आणि मारामारीतलं ओ की ठो न येणारा. त्याला शिकवायला पुन्हा आपला माइक स्टोन. नायकाच्या चेहऱ्यावर सहसा काहीच उमटत नाही, पण पटकथेने त्याची सोय लावून ठेवली आहे: त्याची स्मृतीच गेलेली आहे! आठवतच नाही, तर उमटणार काय? खलनायकाच्या बंगल्यात निंजांची शाळा भरते. तिथे निंजे लाल, पिवळे, निळे, हव्या त्या रंगात मिळतात. त्यांचा मुख्य गुरू हजारो वर्षांची गुप्त विद्या वगैरे सगळं करून झाल्यावर शेवटी मनगटातून लेझर सोडतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उभाच राहिलो होतो. आजी म्हणाली, "बस खाली, अस्त्र आहे ते." तिला त्यात नवल वाटलंच नाही.

पण या सिनेमाविषयीची माझी माया डुडिकॉफवर नाही, स्टीव्ह जेम्सवर आहे. नायकाचा मित्र झालेला हा काळा अमेरिकन नट खरा लढवय्या होता. त्याची लाथ हवेत फिरली की कळायचं, हा माणूस रोज पहाटे उठून घाम गाळतो. वर त्याला विनोद यायचा, हसू यायचं. पडद्यावर आला की बाकीचे धुरकट दिसायला लागायचे. पहिले तिन्ही भाग त्याने मित्र म्हणूनच काढले. तिसऱ्या भागात नायक बदलला, डेव्हिड ब्रॅडली नावाचा नवा आणला, पण शेजारच्या स्टीव्हला बढती नाही. १९९३ मध्ये, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तो गेला. या सिनेमांच्या चाहत्यांत कशावरही एकमत होत नाही. नायक तो असायला हवा होता, यावर मात्र भांडण नाही.

हे सांगितलं, कारण "इतका वाईट की चांगला" असं म्हणून खिदळणाऱ्यांची एक जमात आहे. ते मित्रमंडळी जमवून हे सिनेमे लावतात, बोटं दाखवून हसतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. हसायला माझी हरकत नाही. मीही पोट धरून हसतो. पण त्यांना लाथ दिसत नाही. अभिनय खोटा, जपान खोटा, मिश्या खऱ्या पण आवाज खोटा. आणि मधेच एक माणूस जमिनीवरून उडतो आणि दुसऱ्याच्या कानाजवळून पाय नेतो, तो मात्र शंभर टक्के खरा. रॉजर कॉर्मन या सिनेनिर्मात्यांतल्या जुन्या खोडाला हे बरोबर कळलं होतं. १९८९ च्या त्याच्या 'ब्लडफिस्ट'मध्ये नायक डॉन विल्सन. श्रेयनामावलीत नटांच्या नावापुढे त्यांनी जिंकलेले किताब लिहिलेले: हा अमुक वजनगटाचा जगज्जेता, तो तमुकचा. अभिनयाचं बक्षीस एकालाही नाही, आणि ते कुणी लपवतही नाही. कॉर्मनने पुढे तीच गोष्ट थोडी उलटीपालटी करून पुन्हा पुन्हा काढली, एकदा तर थेट भविष्यकाळात नेऊन. आमच्याकडे दिवाळीचे उरलेले पदार्थ नव्या नावाने पानात येतात, तेव्हा मला कॉर्मनसाहेबांची फार आठवण येते.

'जिमकाटा' खरं तर एमजीएमसारख्या बड्या स्टुडिओचा, पण मनाने आमच्यातलाच. नायक कर्ट थॉमस हा जिम्नॅस्टिक्सचा जागतिक विजेता. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि त्याची संधी हुकली. हॉलिवूडने त्याची भरपाई अशी केली की त्याला पार्मिस्तान नावाच्या काल्पनिक देशात पाठवून दिलं. तिथल्या वेड्यांच्या गावात, भर चौकात, जिम्नॅस्टिक्सचा घोडा असतो तसा एक दगडी कट्टा. का? विचारायचं नाही. वेडे चाल करून येतात, कर्ट त्या घोड्यावर हात टेकून गरागरा फिरतो आणि एकेक वेडा शिस्तीत त्याच्या पायाखाली येतो.

आणि 'मायामी कनेक्शन'. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे; बायकोने दार आधीच लावलेलं आहे.

वाय. के. किम हे कोरियातून अमेरिकेत आलेले तायक्वांदोचे गुरुजी. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये त्यांच्या शाळा उत्तम चालल्या होत्या. पार्क वू-सांग या कोरियन दिग्दर्शकाने त्यांना गाठून सिनेमा काढायची कल्पना डोक्यात भरवली. किम यांना सिनेमाची काडीची माहिती नव्हती. त्यांनी होतं-नव्हतं ते घातलं, कर्ज काढलं, आपल्याच शिष्यांना नट केलं आणि नायक स्वतः झाले. गोष्ट अशी: पाच अनाथ मित्र. कॉलेजात शिकतात, एकाच घरात राहतात, पाचहीजण तायक्वांदोत ब्लॅक बेल्ट, आणि रात्री रॉक बँडमध्ये गातात. गाणी मैत्रीवर आणि निंजांच्या विरोधात. होय, निंजांच्या विरोधात. कारण शहरातला कोकेनचा धंदा मोटारसायकलवरच्या निंजांच्या ताब्यात आहे. मधे एका मित्राला कळतं की त्याचे वडील जिवंत आहेत, आणि तो ज्या ताकदीने रडतो ते बघून मी दर वेळी हसायला सुरुवात करतो आणि मधेच थांबतो. त्या पोराने अभिनयाचा एकही धडा घेतलेला नाही, हे उघड आहे. पण अंगात होतं नव्हतं तेवढं त्याने गुरुजींसाठी ओतलंय, हेही तितकंच उघड आहे.

सिनेमा घ्यायला वितरक तयार होईनात. किम यांनी शेवट नव्याने चित्रित केला. जो मित्र आधी मरत होता त्याला जगवला. तरी १९८८ मध्ये जेमतेम काही थिएटरांत लागून तो बुडाला. पुढची वीसेक वर्षं गुरुजी शाळेत लाथा शिकवत राहिले. २००९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या झॅक कार्लसन नावाच्या सिनेमावेड्याने ईबेवर, न बघता, पन्नास डॉलरला एक जुनी प्रिंट उचलली. थिएटरात लावून बघतात तर प्रेक्षक खुर्च्यांवर उभे राहायच्या बेतात. तिथल्या ड्राफ्टहाउस फिल्म्सने किम यांना फोन केला: तुमचा सिनेमा आम्हाला प्रदर्शित करायचाय. गुरुजींनी कुणीतरी थट्टा करतंय म्हणून फोन ठेवून दिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शेवटी २०१२ मध्ये सिनेमा परत आला आणि चोवीस वर्षं उशिराने टाळ्या घेऊन गेला. त्या सिनेमाच्या अखेरीला, हात-पाय-मुंडकी सगळं उडवून झाल्यावर, पडद्यावर संदेश येतो की हिंसा संपवली तरच जगात शांतता नांदेल. मुद्दाम वाईट सिनेमा काढणारे हल्लीचे हुशार लोक असा संदेश डोळा मारून टाकतील. किमगुरुजींना डोळा मारता येत नाही. तिथेच सगळा फरक आहे.

'सामुराय कॉप'चा टोप तेवढा सांगतो आणि आवरतो. १९९१ सालचा हा सिनेमा अमीर शेरवान या इराणहून आलेल्या दिग्दर्शकाचा. दिव्यांना पैसे नाहीत म्हणून सगळं चित्रीकरण दिवसाउजेडी. लांब केसांच्या नायकाने काम संपलं असं समजून केस कापून टाकले; काही महिन्यांनी बोलावणं आलं, अजून प्रसंग बाकी आहेत. मग बायकांचा टोप आणला. आता एकाच मारामारीत नायक दारातून आत येतो तेव्हा केस त्याचे, आणि ठोसा मारतो तेव्हा केस दुकानातले. मी आणि माझा मित्र ही अदलाबदल मोजायला बसतो. आकड्यावरून आमच्यात अबोला झालेला आहे.

बायकोचं म्हणणं, या सगळ्याला शेवट असतो की नाही. 'अमेरिकन निंजा'ला तरी आहे. चौथ्या भागात ब्रॅडली पकडला जातो आणि त्याला सोडवायला डुडिकॉफला परत बोलावतात, इथवर ठीक. १९९३ चा पाचवा भाग मात्र वेगळ्याच नावाने काढलेला, वेगळ्याच गोष्टीचा सिनेमा आहे. ब्रॅडलीही त्यात भलताच कुणीतरी आहे, नंतर नुसती पाटी बदलून तो मालिकेत घुसवला. रंगीत निंजा मी मान्य केला, लेझर मान्य केला, भर चौकातला दगडी घोडा मान्य केला. पाचवा भाग मी मोजत नाही. माणसाची काही तत्त्वं असतात.