ग्रंथपालाची बदली

ज्याच्या दारात सदैव गर्दी असते असा ग्रंथपाल मला एकच ठाऊक आहे, आणि तो माईनक्राफ्ट या खेळात राहतो. डोक्यावर उपडं ठेवलेल्या पुस्तकाची टोपी, डोळ्यांवर चष्मा, लांबलचक नाक आणि कुठल्याही प्रश्नाला ‘हम्म्’ हे एकच उत्तर. पुस्तकं वाचायला मात्र देत नाही, विकतो. त्यातही सगळ्यांना हवं असतं ते मेंडिंगचं पुस्तक. एकदा ते कुदळीवर चढवलं की काम करता करता मिळणाऱ्या अनुभवातून कुदळ आपली आपणच दुरुस्त होते. मंतरण्याचं टेबल घ्या, भोवती पंधरा कपाटं रचा, लॅपिस लाझुली ओता. हवं ते मिळेलच असं नाही आणि मेंडिंग तर तिथे मिळतच नाही.

म्हणून खेळाडूंनी एक युक्ती काढली. बेकार व्हिलेजरसमोर, म्हणजे खेळातल्या गावकऱ्यासमोर, लेक्टर्न हे पुस्तक ठेवायचं मेज मांडायचं, की तो तत्क्षणी लायब्रेरियन, म्हणजे ग्रंथपाल होतो. विकायला काय आणलंय ते बघायचं. मेंडिंग नाही? लेक्टर्न फोडायचं, की बिचारा पुन्हा बेकार. परत मांडायचं, परत रुजू. पहिला सौदा होईपर्यंत हे कितीही वेळा करा, ना युनियन येते, ना कोर्टाची नोटीस. पैशांचीही चिंता नाही. धनुष्यबाणवाल्या फ्लेचरला बत्तीस काठक्या दिल्या की तो एक पाचू देतो. झाडं तोडून माणूस श्रीमंत होतो, हा सिद्धांत या खेळाने तरी लपवून ठेवलेला नाही.

याहून वरताण प्रकार सवलतीचा. व्हिलेजरला झॉम्बीकडून चावून घ्यायचं, मग त्याच्यावर अशक्तपणाचं औषध फेकून सोन्याचं सफरचंद चारायचं. बरा झालेला गृहस्थ उपकार स्मरून भाव पाडतो. पुन्हा चावून घेतला, पुन्हा बरा केला, की भाव आणखी खाली. आजार आपणच द्यायचा आणि औषधही आपणच, वर आभार त्याने मानायचे!

2023 मध्ये खेळ बनवणाऱ्या मोजँगने यात हात घातला. वारंवार चावून वारंवार मिळणारी सवलत 1.20.2 या आवृत्तीत बंद केली; ते मला मनापासून पटलं. त्याच वेळी एक प्रयोगही आणला, आणि तो ज्याला हवा त्याने नवं जग बनवताना खूण करून सुरू करायचा. त्यात प्रत्येक प्रदेशाच्या लायब्रेरियनकडे वेगळी पुस्तकं. वाळवंटात एफिशियन्सी, बर्फात सिल्क टच, सॅव्हानात शार्पनेस. खास पुस्तक मिळणार ते लायब्रेरियन पाचव्या, म्हणजे मास्टरच्या पायरीवर पोचल्यावरच. आणि मेंडिंग? दलदलीत. दलदलीत गाव नसतंच, जंगलातही नसतं. म्हणजे तिथलं पुस्तक हवं असेल तर गाव तुम्हीच वसवा.

हेतू उदात्त होता. खेळाडूने घरबसल्या लेक्टर्नं फोडण्याऐवजी मुलूख पालथा घालावा. पण आपल्याकडे कुठलाही नियम निघाला की प्रवास कोणाच्या वाट्याला येतो, हे कुठल्याही सरकारी कर्मचाऱ्याला विचारा. खेळाडू बसल्या जागी राहिला, बदली व्हिलेजरची झाली.

माझी भाची आणि मी एकाच जगात खेळतो. ते जग तिने बनवलं, ती खूणही तिनेच केली, आणि दलदलीची जबाबदारी, अर्थातच, मामाकडे आली. व्हिलेजर स्वतःहून कुठे जात नाही. त्याला होडीत बसवायचं. एकदा बसला की आपण उतरवल्याशिवाय उतरत नाही, हा त्याचा गुण. नदी असेल तिथवर ठीक. पुढे जमिनीवरून होडी रेटायची, आणि तो शांतपणे ‘हम्म्’ म्हणत बघत राहणार. बरं, एकाला नेऊन भागत नाही. माणूस कुठला हे जन्मतानाच ठरतं, असा खेळाचा कायदा. म्हणून जोडपं न्यायचं, खाटा मांडायच्या, पाव चारायचे आणि दलदलीत पाळणा हलायची वाट बघायची. बाळ जन्मतं ते कधी दलदलीचे कपडे घालून, तर कधी आईबापांसारखे; आपल्याला हवं ते दलदलीचं. रात्री झॉम्बी येतात, चांदण्यात स्लाईम उड्या मारतात, आणि जवळ वीज पडली तर आईची चेटकीण होऊ शकते. एवढं बालसंगोपन मी प्रत्यक्षातही केलेलं नाही.

पोरगं मोठं झालं, लेक्टर्नजवळ उभं राहिलं. मग मास्टर करण्यासाठी त्याच्याशी सौदे. चोवीस कागदांना एक पाचू. त्यासाठी उसाची लागवड. त्याची खरेदी भरली की दिवसातून दोनदाच तो पुन्हा दुकान उघडतो. प्रोबेशनवरच्या कारकुनालाही मी इतकं सांभाळून घेतलं नसतं.

अखेर तो मास्टर झाला आणि मेंडिंग विकायला काढलं. एवढ्यात भाची दलदलीत हजर. डोंगरातल्या घरात आजवर तिने काय केलं, तर मांजर पाळलं.

“मामा, पहिलं पुस्तक मला.”

“का म्हणून?”

“जग कुणी बनवलं?”

“आणि ह्याला लहानाचं मोठं कुणी केलं?”

तिने वाद घातला नाही. खिशातून पाचू काढले, लायब्रेरियनशी सौदा केला, पुस्तक घेतलं आणि माझ्याच होडीत बसून निघून गेली.