श्रीमती वैमानिकटंचाई यांस अनावृत पत्र

श्रीमती टंचाईबाई यांस,

स. न. वि. वि.

तुमची कीर्ती बारावीपासून ऐकतोय. मंत्र्यांच्या भाषणात तुम्ही, फ्लाइंग स्कूलच्या माहितीपत्रकात तुम्ही. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली, तेव्हा आमच्याकडे तुमच्या नावाने पेढे वाटले होते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि तुम्ही दिवसभर टीव्हीवर दिसलात. तब्येत छान वाटली.

भेट मात्र घडत नाही. 200 तास भरून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं आणि मग कळलं, तुमचा मुक्काम कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत असतो. तिथे बसायला एटीपीएल हे त्यावरचं लायसन्स हवं, त्याला 1500 तास हवेत, ते तास फर्स्ट ऑफिसरच्या उजव्या खुर्चीत भरायचे, आणि उजव्या खुर्चीला ही रांग!

सीनियर सांगतात, टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान उडवण्याची पात्रता, स्वतःच्या पैशाने करून ठेव. म्हणजे आणखी काही लाख. पण कुठल्या विमानाचं? ए320 चं करावं तर सगळी गर्दी तिथेच. मे 2023 मध्ये गो फर्स्ट ही विमानकंपनी बंद पडली, तेव्हा त्याच विमानावर तास केलेली मंडळीही रांगेत आली. 737 चं करावं तर ते उडवणाऱ्या कंपन्यांनी आपल्यासाठी भरती काढेपर्यंत थांबा. एवढा मोठा सट्टा आमच्या घराण्यात कुणी खेळलेलं नाही. बाबांना अजून वाटतं, नोकरी देणाऱ्याने काम शिकवायचं असतं. जुन्या वळणाचे आहेत.

तूर्त भिंतीवर ए320 च्या कॉकपिटचं पोस्टर आहे. त्यापुढे खुर्ची ओढून बसतो आणि बॅटरी, एपीयू, इंधनपंप असं क्रमाने बोट फिरवतो. डोक्यावरचं पॅनेल कपाटाच्या दाराला चिकटवलंय. आई कपडे काढायला आली की अख्खी विद्युतयंत्रणा नव्वद अंशांत वळते. केवळ उपकरणांवर विमान उडवण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी पैसे मोजून जिवंत ठेवायचं, ते वेगळंच. नोकरीचा पत्ता नाही, पण ती सोडायचे नियम पाठ आहेत: फर्स्ट ऑफिसरला 6 महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची. लग्नकार्यात काका विचारतात, "इंडिगो की एअर इंडिया?" मी जिलबी वाढून घेतो.

तर बाई, ठरवलंय: इन्स्ट्रक्टर रेटिंग करतो. पगार बेताचा, पण तास भरतात आणि त्यांचे पैसे दुसरा देतो. बारामतीला, गोंदियाला, जिथे जागा निघेल तिथे जाईन. नवी पोरं पहिल्याच दिवशी विचारतील, "सर, पायलटांची टंचाई आहे ना?" सेसनाच्या टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजता मोजता मी म्हणेन, "प्रचंड!" त्यांची फी आली नाही, तर माझे तास कसे भरायचे?

आपला,
एक सीपीएलधारक